पिरोजा हिरवा पडला तर घालणाऱ्यावर संकट येतं, हे खरं आहे का?

नाही, घाबरू नका. पिरोजा म्हणजे तांबं आणि ॲल्युमिनियमचं, पाण्याचा अंश असलेलं फॉस्फेट. खडा सच्छिद्र असतो. घाम, तेल, अत्तर, साबण आत मुरत जातं आणि आकाशी रंग हिरवट होतो. वर्षानुवर्षं वापरलेल्या अंगठीत हे व्हायचंच.

समजूत मात्र फार जुनी आहे आणि तिची कूळकथा ऐकण्यासारखी आहे. इराणी, तुर्की लोक पिरोजा घोड्याच्या साजाला बांधत, म्हणजे घोडा अडखळला तरी स्वाराला इजा होणार नाही. युरोपात हीच श्रद्धा पुढे गेली: आघात खडा स्वतःवर घेतो. सम्राट रुडॉल्फ दुसरा याचा वैद्य आन्सेल्मस दे बूट याने १६०९ च्या ग्रंथात स्वतःचाच अनुभव लिहिलाय. त्याचा पिरोजा आधीच्या मालकाच्या मृत्यूनंतर फिका पडला होता, दे बूटने बोटात घातल्यावर पुन्हा उजळला. मग रात्रीच्या प्रवासात तो घोड्यासकट उंचावरून कोसळला. दोघेही सुखरूप, पण सकाळी पाहतो तर खड्याचे दोन तुकडे! अशा आपटण्यात पिरोजा फुटणं नवल नाही, तो तसा मऊच. पण जीव वाचलेल्या माणसाला तो राखणदार वाटला, हे मला अगदी पटतं.

आपल्याकडे लडाखमध्ये पेराक हे पिरोजांनी मढवलेलं शिरोभूषण आईकडून थोरल्या मुलीकडे जातं.

तुमची अंगठी हात धुताना, स्वयंपाक करताना काढून ठेवा आणि मऊ कोरड्या फडक्याने पुसा.