थिनरच्या कामात एकाच्याच पेशी घटल्या, तर दोष त्याच्या जनुकांचा का?

तुमचा प्रश्न असा: भाऊ भोसरीत पेंट शॉपला आहे, त्याच्या पांढऱ्या पेशी ३,२०० वर आल्यात, त्याच बूथमधल्या दोघांचे रिपोर्ट मात्र नॉर्मल. सुपरवायझर म्हणतो, "तुझ्या रक्तातच खोट आहे." मग जनुकांची चाचणी करावी का?

आत्ता त्यावर एक रुपयाही घालवू नका. मी याच पट्ट्यात कारखान्यांची डॉक्टर आहे. "बाकीच्यांना काही झालं नाही, मग यालाच कसं?" हे वरचेवर कानावर येतं आणि राग येतो, कारण त्यात अर्धं खरं असतं.

ते अर्धं आधी सांगते. थिनरमध्ये बेन्झीन, म्हणजे रक्ताला घातक असलेलं एक उडून जाणारं रसायन, असेल तर ते श्वासातून जातं आणि कातडीतूनही. यकृतातलं सीवायपी२ई१ हे एन्झाइम, म्हणजे शरीरातली रासायनिक कामं घडवणारं प्रथिन, त्याचं रूपांतर करतं, त्यातून हायड्रोक्विनोनसारखे पदार्थ बनतात, आणि अस्थिमज्जेत, म्हणजे जिथे रक्त तयार होतं तिथेच, त्यांचे क्विनोन होऊन पेशींना इजा करतात. एनक्यूओ१ हे दुसरं एन्झाइम या क्विनोनना निकामी करतं. काहींना आई आणि वडील, दोघांकडूनही या जनुकाची अशी प्रत मिळते की हे एन्झाइम जवळजवळ कामच करत नाही. १९९७ साली शांघायच्या कामगारांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचं पहिलं एन्झाइम जोरात आणि दुसरं बंद, त्यांना बेन्झीनच्या विषबाधेचा धोका, या दोन्ही गोष्टी नसलेल्यांच्या साडेसात पट निघाला. पण पहिलं एन्झाइम नेहमीच्या दारूनेही वाढतं, म्हणजे सगळं जन्मावर नाही.

उरलेलं अर्धं सुपरवायझर सांगत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चीनमधल्याच तिआनजिनच्या चप्पल-बुटांच्या कारखान्यांतल्या २५० कामगारांचं रक्त तपासलं होतं. ज्यांच्या हवेत बेन्झीन १ पीपीएमच्याही (हवेच्या दहा लाख भागांत एक भाग) खाली होतं, त्यांच्याही पांढऱ्या पेशी बेन्झीनशी संबंध नसलेल्या कामगारांपेक्षा कमी भरल्या. विशिष्ट जनुकं असलेल्यांना फटका जास्त बसला, पण बाकीचे सुटले नाहीत. शिवाय रिपोर्टवर साधारण ४,००० ते ११,००० ला नॉर्मल म्हणतात. कामाला लागताना ८,५०० असलेला माणूस आज ४,६०० वर आला तरी कागदावर "नॉर्मल"च छापून येतं. त्या दोघांचे जुने रिपोर्ट कुणी पाहिलेत का?

भावाचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजण्याची चाचणी, दोन आठवड्यांनी पुन्हा करा. नुकताच डेंग्यू किंवा दुसरा व्हायरल ताप झाला असेल, बी१२ कमी असेल, तरी पेशी उतरतात, ते आधी बाजूला काढायला हवं. भरतीच्या वेळच्या मेडिकलचा रिपोर्ट मागून घ्या आणि शेजारी ठेवून वाचा. नुसता टोटल काउंट नको, लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार), प्लेटलेट आणि एमसीव्हीही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) बघा.

मग थिनरची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्यात काय आहे आणि धोके कोणते हे सांगणारा कागद, मागा. तिच्या तिसऱ्या भागात घटक असतात, तिथे ७१-४३-२ हा क्रमांक शोधा. तो बेन्झीनचा. नुसतं टोल्युइन लिहिलं असेल तरी ते कुठल्या ग्रेडचं आहे ते विचारा, कारण हलक्या मालात बेन्झीन मिसळलेलं असू शकतं. बेन्झीन अंगात गेलंय का हे लघवीतल्या एस-फिनाइलमरकॅप्ट्युरिक आम्लावरून कळतं, ती चाचणी कामाची पाळी (शिफ्ट) संपता संपता करायची. गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी सकाळी नमुना दिला तर काही हाती लागणार नाही. भाऊ सिगारेट ओढत असेल तर तेही सांगा, धुरात बेन्झीन असतं.

आणि त्याला हे विचारा: पाळी सुटल्यावर हात कशाने धुतो? पेंट शॉपमध्ये थिनरने बोटं चोळून, तोच ओला बोळा पँटच्या खिशात खुपसून डबा खायला बसलेली पोरं मी नेहमी बघते. तोंडाला कापडी मास्क. त्याने वाफ अडत नाही, सेंद्रिय वाफेसाठीचं कार्ट्रिज लागतं, आणि मुळात बूथचा एक्झॉस्ट चालू लागतो.

बेन्झीनची विषबाधा हा कायद्याने कळवायचा रोग आहे, आणि ईएसआयच्या (कामगार राज्य विम्याच्या) व्यावसायिक आजारांच्या यादीतही आहे. तुमची जनुकं कशी आहेत असं तिथे कुणी विचारत नाही. उलट जनुकांचा रिपोर्ट कंपनीच्या हातात गेला तर भावाला काढायला कारण मिळेल आणि बूथ आहे तसाच राहील.

दुसरा काउंटही कमी आला तर रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा आणि थिनरच्या कामावरून हलवण्याचा सल्ला लेखी घ्या. ताप, हिरड्यांतून रक्त किंवा अंगावर काळेनिळे डाग दिसले तर दोन आठवडे थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. त्या दोघांनाही जुने रिपोर्ट काढायला सांगा.