मार्चमध्ये साताऱ्यात तीन दिवस सायकल घेऊन येतोय. कासला तेव्हा फुलं नसतात म्हणे, मग बघण्यासारखे रस्ते कोणते?

आहेत की! फक्त डोक्यातलं कास थोडं बाजूला ठेवा. साताऱ्याचा पावसाळा डोंगरावर बघायचा असतो आणि वसंत खाली, कृष्णेच्या काठाने. मार्चमध्ये वरची पठारं वाळून कोळ झालेली असतात. लोक फोटोतला सप्टेंबर डोक्यात घेऊन येतात, तिथलं पिवळं गवत बघतात आणि ‘साताऱ्यात काही नाही’ म्हणत परत जातात. त्याच वेळी खाली शेताच्या बांधांवर पळस, पांगारा आणि काटेसावर एकाच वेळी पेटलेले असतात. झाडावर पान औषधाला नाही, नुसती फुलं. सावरीवर साळुंक्या आणि बुलबुलांचा असा गोंधळ चाललेला असतो की झाड दिसण्याआधी ऐकू येतं.

पहिल्या दिवशी लांब जाऊ नका, माहुलीला जा. पोवई नाक्यावरून कोरेगाव रस्त्याने जेमतेम पाच किलोमीटर, जवळजवळ सगळा उतार. कृष्णा आणि वेण्णा इथे भेटतात. एका काठावर संगम माहुली, पलीकडे क्षेत्र माहुली. काळ्या दगडाचे घाट, दीपमाळा, विश्वेश्वराचं देऊळ आणि सातारकर छत्रपती घराण्यातल्या समाध्या. शाहू महाराजांच्या कुत्र्याचीही समाधी इथे आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं असं सांगतात. रामशास्त्री प्रभुण्यांचं गावही हेच. सकाळी सातच्या आत पोहोचलात तर घाटावर कपडे धुणाऱ्या बायका आणि तुम्ही, एवढंच असेल. नदीला पाणी कमी असतं, पण त्यामुळेच घाटाच्या एरवी बुडलेल्या पायऱ्या दिसतात. परतताना मात्र चढ आहे, तो उन्हाआधी संपवा.

माहुलीहून पुढे कोरेगावकडे जायचा मोह होईल. मी नाही जाणार. मार्चपर्यंत उसाचा हंगाम चालू असतो आणि त्या रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर डुलत चाललेले असतात. मागची ट्रॉली कधी कुठे फेकली जाईल याचा भरवसा खुद्द ड्रायव्हरलाही नसतो, आणि त्यांच्या गाण्यांच्या आवाजात तुमची घंटी ऐकू येणं शक्यच नाही. ट्रॉली पुढे असेल तर ओव्हरटेक करू नका, थांबून एक ऊस मागून घ्या. देतात.

दुसरा दिवस लिंबचा. महामार्गाने पुण्याच्या दिशेला पंधरा-सोळा किलोमीटर. हा टप्पा काही रम्य वगैरे नाही. जिथे सेवा रस्ता आहे तिथे तो धरा आणि सहाला निघून तो उरकून टाका. एकदा महामार्ग सोडून लिंबकडे आत वळलात की सगळं बदलतं: आल्याची आणि हळदीची रानं, आमराया, ओढ्याकाठची करंजं. फाल्गुनात हळद शिजवायचं काम कुठे ना कुठे चालू असतंच. काहिलीतून निघणाऱ्या वाफेचा वास लांबून येतो आणि शिजलेली हळद खळ्यावर पसरलेली असते.

लिंबची बारा मोटांची विहीर बघितली नसेल तर वेळ काढून बघा. शिलालेखानुसार १७१९ ते १७२४ या काळात विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. वरून बघितलं तर आकार शिवलिंगासारखा, मुख्य विहीर अष्टकोनी, खोली शंभर फुटांच्या वर. गंमत म्हणजे विहिरीच्या पोटातच एक छोटा महाल आहे. कोरीव खांब, भिंतींवर शिल्पं, आणि वरच्या बाजूला मोटा ओढायच्या जागा अजून तशाच. या पाण्यावर तीन हजारांहून जास्त आंब्याची झाडं जगवली जात असं सांगतात. बाहेर अंग भाजत असताना पायऱ्या उतरून आत गेलं की गारवा जाणवतो. मार्चमध्ये ही विहीर बघायची ती खरं तर यासाठीच. पावसाळ्यात लोक वरून वाकून फोटो काढतात आणि निघतात. तिथून गोव्याला जा. दचकू नका, हे आपलं कृष्णाकाठचं गोवे गाव. तिथे कोटेश्वराचं देऊळ आहे. बसा, पोहे खा, दहाच्या आत परतीला लागा.

तिसरा दिवस मी वाईला देईन, आणि तीन दिवसांतला एकच ठेवायचा म्हटलं तर हाच ठेवीन. साताऱ्याहून वाई पस्तीस किलोमीटरच्या आसपास. बराचसा महामार्गच आहे, म्हणून सायकल गाडीत टाकून वाईपर्यंत जा आणि तिथून पुढे चालवा. यात कमीपणा काही नाही. वाईत आधी ढोल्या गणपती. सरदार रास्ते यांनी १७६२ साली बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती आहे, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. माघ-फाल्गुनात इथे घाटाघाटांवर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव असतो. तुमच्या तारखांना एखाद्या घाटाचा मांडव उभा असेल तर तेवढ्यासाठी तासभर थांबायला हरकत नाही.

वाईहून मेणवली तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा, मागे कृष्णेचा देखणा घाट आणि घाटावरच्या देवळापाशी टांगलेली ती प्रसिद्ध घंटा. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर तिथल्या पोर्तुगीज चर्चमधून आणलेल्या घंटांपैकी ही एक. तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, नीट बघा. सिनेमावाल्यांनी हा घाट इतका वापरलाय की पहिल्यांदा येणाऱ्यालाही तो ओळखीचा वाटतो.

पुढे धोमपर्यंत आणखी पाचेक किलोमीटर, आणि हा साताऱ्याच्या आसपासचा माझा सर्वात आवडता रस्ता. अरुंद आहे, सावली आहे, गाड्या कमी. डाव्या हाताला झाडांमधून नदी अधूनमधून दिसत राहते, समोर पांडवगडापासून पुढच्या डोंगरांची रांग. धोमला नृसिंहाचं देऊळ आहे, आणि त्याच आवारात दगडी कासवाच्या पाठीवर बसवलेला नंदी. असा नंदी मी दुसरीकडे पाहिलेला नाही. पायात दम असेल तर धरणाच्या कडेकडेने जोर गावाच्या दिशेने जेवढं जमेल तेवढं आत जा. धरणाचं पाणी खाली गेलेलं असतं, उघड्या पडलेल्या गाळपेरात लोकांनी काहीबाही लावलेलं असतं आणि काठावर बगळे. या रस्त्याला हॉटेलं नाहीत, पाणी आणि खाणं बरोबर हवंच. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जायची कल्पना कुणी डोक्यात घातली असेल तर शनिवार-रविवार सोडून करा. सुट्टीच्या दिवशी त्या घाटात पर्यटकांच्या गाड्या सायकलला भिंतीला चिकटवतात.

एवढं सांगूनही कासचा रस्ता चढल्याशिवाय तुम्ही परत जाणार नाही, हे मला माहीत आहे. मग फुलांसाठी नको, चढासाठी जा. समर्थ मंदिरापासून यवतेश्वरचा घाट सुरू होतो. सातारा सातशे मीटरच्या थोडा वर, कास पठार बाराशेच्या आसपास, आणि यातला मोठा वाटा सुरुवातीच्या घाटातच वसूल होतो. साताऱ्याची हिल मॅरेथॉन याच घाटात पळतात, त्यामुळे पहाटे पळणारे सोबतीला असतात. आणि फुलं अगदीच नसतात असंही नाही. पठाराच्या कडेच्या झाडीत अंजनीला निळी-जांभळी फुलं लागतात, थेट फांदीला चिकटून. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या झालेल्या असतात आणि त्यांचा वास रस्त्यापर्यंत येतो. कुसुंबाची नवी पालवी लालभडक असते, लांबून फुलंच वाटतात. कास तलावापाशी थांबा. साताऱ्याला याच तलावाचं पाणी येतं. उतरताना सलग ब्रेक दाबून ठेवू नका, रिम तापते.

सज्जनगडाचा रस्ता बोगद्यातून परळीकडे जातो, खाली उरमोडीचं पाणी दिसतं, छान आहे. पण सावली कमी आणि शेवटचा चढ उभा. ठोसेघरचा धबधबा या दिवसांत कोरडा, तिकडे जाऊच नका.

रोजचं गणित साधं ठेवा: उजाडता निघायचं, दहा-साडेदहाला सावलीत. दुपारी पारा पस्तिशीच्या पुढे जातो आणि डांबराची धग वेगळीच. दोन ट्यूब जास्त ठेवा, कारण या दिवसांत बांधावरच्या बाभळी छाटतात आणि काटे रस्त्यावर येतात. ते काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका, टायरच्या आतून बोट फिरवून बघा.

आणि तारखा ठरवण्याआधी कालनिर्णय उघडून रंगपंचमी कधी आहे ते बघा. त्या दिवशी वाईजवळच्या बावधनला बगाड असतं. कृष्णाकाठच्या सोनेश्वरापासून बावधनपर्यंत बैल तो प्रचंड लाकडी गाडा ओढत नेतात, उंच शिडावर नवस फेडणारा बगाड्या टांगलेला. रस्ते माणसांनी भरून जातात, सायकल चालवणं सोडाच, ढकलताही येत नाही. तो दिवस तुमच्या तीन दिवसांत येत असेल तर धोमचा बेत आदल्या दिवशी उरका आणि बगाड बघायला चालत जा.