विचारा कंडक्टरकाकांना : रतनवाडीची पिंड, आवणीची रील आणि एक दुरुस्ती

काका, सप्रेम नमस्कार. १५ ऑगस्टला जोडून सुट्टी आली आहे. सासूबाई ७१ वर्षांच्या, गुडघे धरलेले. मुलगी नऊ वर्षांची. रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर, रंधा आणि अंब्रेला धबधबा दोन दिवसांत होईल का? पावसात पिंड पाण्याखाली असते असं ऐकलं. मग सासूबाईंना दर्शन कसं होणार? त्यांचा सगळा जीव त्या दर्शनात आहे.
– एक वाचक, सिंहगड रस्ता

ताई, दोन दिवसांत आरामात होईल, पण १५ ऑगस्ट सोडा. भंडारदरा धरण बहुतेक वर्षी त्याच सुमारास भरतं आणि हे अख्ख्या पुण्या-मुंबईला ठाऊक आहे. सासूबाईंना देवापेक्षा पुढच्या गाडीची नंबरप्लेटच जास्त वेळ दिसेल. आठवडाभर पुढे ढकला आणि मंगळवार-बुधवार बघा. मुलीची शाळा दोन दिवस बुडाली तर बुडू दे.

आता धबधब्यांचं. अंब्रेला हा डोंगरातून आपोआप येणारा धबधबा नाही. धरणाच्या मोरीतून सोडलेलं पाणी खालच्या गोल खडकावर आदळतं आणि छत्रीसारखं पसरतं, म्हणून ते नाव. मोरी बंद असेल तर तिथे नुसता ओला खडक. धरण इंग्रजांच्या काळातलं, १९१० ला काम सुरू झालं आणि १९२६ ला पुरं. साठा ११ टीएमसी. पाणी कधी सोडायचं हे पाटबंधारे खातं ठरवतं, आपली सुट्टी बघून नव्हे. त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून एवढंच विचारा, ‘मोरी चालू आहे का?’ रंध्याचं तसं नाही. प्रवरा तिथे साधारण १७० फूट खाली पडते, आणि धरणातून विसर्ग चालू असला की आवाज गाडीच्या काचा वर असल्या तरी ऐकू येतो. जवळच घोरपडादेवीचं देऊळ आहे. सासूबाईंना तिथे बसवा आणि मुलीचा हात सोडू नका. कठड्याच्या पलीकडे फोटोसाठी उतरणाऱ्यांकडे बघून तिलाही हुरूप येईल, म्हणून सांगतो.

पुण्यातून पहाटे पाचला निघा. सातला निघालात तर चाकणलाच जेवाल. मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर करत अकोल्याला या. अकोले बरं का, अकोला नव्हे. माझ्या नोकरीत शिवाजीनगर स्टँडवर एक गृहस्थ विदर्भातल्या मेहुणीकडे जायला माझ्या गाडीत बसले होते. नारायणगावपर्यंत मलाही पत्ता नाही आणि त्यांनाही नाही. अकोल्यात प्रवरेच्या काठी सिद्धेश्वराचं जुनं देऊळ आहे, कोरीवकाम फार सुंदर. तिथे पाय मोकळे करा. मग राजूर, रंधा, शेंडी. मुक्काम धरणाजवळच्या शेंडी गावात.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर रतनवाडी. जलाशयाच्या कडेकडेने रस्ता आहे, गाडी देवळाच्या अगदी जवळ जाते. आधी पुष्करणी बघा. काळ्या दगडाचं चौकोनी कुंड, आतल्या बाजूने कोनाडे आणि कोनाड्यांत विष्णूच्या मूर्ती. मग देऊळ. शिलाहारांच्या झंझ राजाने नद्यांच्या उगमापाशी बारा शिवालयं बांधली, त्यातलं हे एक असं सांगतात. प्रवरा वरच्या रतनगडावर उगम पावते, म्हणजे उगमाची बाब खरीच.

पिंडीबद्दल तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. गाभारा खोलगट आहे आणि भर पावसात त्यात पाणी साठतं. मी त्या भागातल्या मुक्कामी गाडीवर होतो तेव्हा एका श्रावणात पहिल्यांदा आत डोकावलो. अंधार होता. पिंड दिसेना, म्हणून ड्रायव्हरकडची बॅटरी आणली. उजेड पडला तर वर बेलाची पानं तरंगत होती आणि खाली हातभर पाण्यात शाळुंका दिसत होती, ओंजळीत दिसावी इतकी स्वच्छ. शेजारी एक म्हातारी उभी होती. तिला म्हटलं, ‘आजी, देव तर बुडालाय.’ ती म्हणाली, ‘बुडाला न्हाई, आंघूळ करतोय. थांब थोडा.’ तेव्हा सासूबाईंना आत उतरवू नका. दगड शेवाळलेले असतात. मंडपात नीट उभं राहून बॅटरीचा झोत टाका आणि दोन मिनिटं थांबा. दर्शन होतं.

कळसूबाईचं शिखर त्यांच्या गुडघ्यांना झेपायचं नाही. पण पायथ्याच्या बारी गावातून ते दाखवा आणि कळसूची गोष्ट सांगा. कळसू कोळ्याची पोर. भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही, या अटीवर ती एका घरी कामाला राहिली. एक दिवस नेमकी तीच कामं तिला सांगितली. तिने केली, पण सरळ डोंगर चढून गेली ती परत उतरलीच नाही. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला ती काळदरा. ही गोष्ट सासूबाईंना जास्त आवडते की तुम्हाला, ते मला कळवा.

•

काका, आम्ही सहा जण इंजिनिअरिंगला आहोत, कात्रजला राहतो. भंडारदऱ्याला जाऊन आदिवासी लाइफ शूट करायचंय. भातलावणी, ट्रॅडिशनल डान्स, घरं. गावात कुणाशी बोलायचं? डान्ससाठी किती पैसे द्यायचे?
– एक विद्यार्थी, कात्रज

बाळा, पहिली गोष्ट, तिकडे लावणी म्हणत नाहीत, आवणी म्हणतात. दुसरी, आवणीच्या दिवसांत गावात बोलायला कुणी सापडणार नाही. सगळं गाव खाचरात. सकाळी उजाडल्यापासून कमरेत वाकून, डोक्यावरून पाठीवर प्लॅस्टिकचा कागद ओढून. पूर्वी इरलं असायचं, आता कागद. पाऊस असेल तोवरच रोप लागतं, त्यामुळे त्या बाईला तुझ्याकडे बघून हसायलाही सवड नसते. बांधावर उभा राहून विचार, ‘मावशी, मदत करू का?’ ती हो म्हणाली तर फोन पिशवीत टाकून उतर. अर्ध्या तासाने तुझी कंबर तुला सांगेल की अजून शूट करायचंय का. नाही म्हणाली तर राम राम करून पुढे जा.

नाच हा ऑर्डर द्यायचा पदार्थ नाही. कांबड नाच, फुगड्या, बोहाड्यातली मुखवट्यांची सोंगं, हे ज्याच्या त्याच्या वेळेला होतं. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस असते, तेव्हा रानात वाघोबाला खिरीचा नैवेद्य दाखवतात. त्यावेळी कुणी बोलावलं तर जा, आणि फोटो काढायच्या आधी विचार. पैसे द्यायचेच असतील तर जेवणाचे दे. आदल्या दिवशी सांगून ठेवलंस तर घरोघरी नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी, कुरडूची नाहीतर भारंगीची भाजी मिळते. घासाघीस करू नकोस. कात्रजला मिसळीला देतोस की नाही तेवढे?

आणि निघायच्या आधी एक काम कर. पुण्यातच क्वीन्स गार्डनला आदिवासी संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. कात्रजहून तासाभराचा रस्ता, त्यातला अर्धा सिग्नलवर. तिथली वाद्यं, मुखवटे, भांडीकुंडी बघून ये. ‘आदिवासी’ हा एकच गठ्ठा नाही हे तिथे कळतं. तू जिथे जाणार आहेस तिथे महादेव कोळी आहेत आणि ठाकर आहेत, दोघांच्या रीती वेगळ्या. राघोजी भांगरे याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे. इंग्रजांविरुद्ध उठले आणि १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. बियाणं जपणाऱ्या राहीबाई पोपेरे कोंभाळण्याच्या. गावात गप्पा सुरू करायला ही दोन नावं ‘ट्रॅडिशनल डान्स’पेक्षा बरी.

•

सांदण दरी जुलैमध्ये करता येईल का? ग्रुप अनुभवी आहे.
– एक वाचक, बाणेर

नाही. सांदण म्हणजे कातळातली अरुंद चीर, पावसाळ्यात पाणी त्याच चिरेतून वाहतं आणि दोन्ही बाजूंना सरळ कातळ. अनुभवी माणसालाही वर चढायला जागा नसते. दिवाळीनंतर दरीजवळच्या साम्रद गावी जा.

•

दुरुस्ती : मागच्या अंकात मी कळसूबाईची उंची १४४६ मीटर लिहिली. अकोल्याच्या एका वाचकाने पोस्टकार्ड टाकलं आहे, त्यात फक्त ‘१६४६’ एवढाच आकडा आणि खाली दोन रेघा. बरोबर आहे त्याचं. बत्तीस वर्षांत तिकिटांच्या हिशेबात कधी चार आण्यांचा फरक आला नाही, आणि इथे महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराचे दोनशे मीटर मी खाल्ले.