पडद्यावर हिरवं, ट्रॅकवर डावीकडे

प्रश्न : सर, मी आयटीआयला मेकॅनिक मोटार व्हेईकल ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. संध्याकाळी कोल्हापूरच्या उद्यमनगरात व्हील अलाइनमेंटच्या (चाकांचे कोन जुळवायच्या) दुकानात काम करतो. आमच्या एका गिऱ्हाइकाकडे पिकअप आहे, तो ड्रॅग रेसला (थोड्या अंतराच्या सरळ शर्यतीला) नेतो. समोरून स्पेसर टाकून दोन इंच उचललाय. मशीनवर सगळे आकडे हिरवे येतात, पण गाडी सुटली की डावीकडे झेपावते आणि गिअर बदलताना स्टिअरिंगला परत झटका बसतो. नंतर वेगात सरळ चालते. मालक म्हणतात टायरचा दोष. गिऱ्हाईक म्हणतो, रात्री हायवेला चल, शेजारी बसून बघ. मला रेसिंग मेकॅनिक व्हायचंय. वडील साखर कारखान्यात आहेत, ते म्हणतात नाद सोड, कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत चिकट. काय करू? (नाव छापू नये, ता. कागल)

उत्तर :

मित्रा, आधी हायवेचं बोलतो, कारण ते थांबायचं काम नाही. शेजारी बसायचं नाही. पुणे-बंगळूर हायवेवर रात्री ऊस भरलेले ट्रॅक्टर बिनटेललाइटचे जातात हे तुला मी सांगायला नको, तुझ्या वडिलांचाच कारखाना आहे. त्यात सुटताना डावीकडे झेपावणारी गाडी. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खटला अंगावर असताना सरकारी नोकरी आणि पासपोर्ट दोन्हीकडे प्रश्न विचारले जातात. गिऱ्हाइकाला मालकांच्या देखत सांग, "साहेब, गाडी जॅकवर घेऊ, तिथंच कळतंय." आणि खरंच तिथंच कळतं.

मार्गदर्शनाच्या कामात येण्याआधी मी बरीच वर्षं पॉलिटेक्निकला ऑटोमोबाइल शिकवलं. त्यामुळे तुझं पत्र वाचताना करिअरच्या आधी मला ती गाडीच दिसली. तू लिहिलेली तीन लक्षणं (सुटताना झेप, गिअरला झटका, नंतर सरळ) एकत्र ठेव. टायर खराब असता तर वेगातही खेचलं असतं. तुझी गाडी फक्त नाक वर-खाली होतं तेव्हाच बिघडते. म्हणजे दोष चाकाच्या कोनात कमी आणि तो कोन बदलण्यात जास्त आहे.

तुमचं मशीन गाडी उभी असताना मोजतं. गाडी फुल मारून सुटते तेव्हा वजन मागे जातं, समोरचे स्प्रिंग ताणतात, चाकं खाली लोंबतात. व्ही-क्रॉस, हायलक्ससारख्या पिकअपला पुढच्या प्रत्येक चाकाला दोन विशबोन (चाक चेसिसला जोडणारे आर्म) असतात. विशबोन आपल्या बिजागरीभोवती एका कमानीत फिरतो, टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) त्याच्या कमानीत. कंपनीनं मूळ उंचीला या दोन कमानी जवळपास जुळवून ठेवलेल्या असतात. तुमच्या गिऱ्हाइकानं दोन इंच स्पेसर टाकले, म्हणजे उभ्या गाडीतच दोन्ही आर्म तिरके झाले. आता चाक आणखी खाली गेलं की टाय रॉड वेगळ्या वाटेनं जातो आणि चाकाला ओढतो किंवा ढकलतो. स्टिअरिंग धरून ठेवलंय, पण चाक वळतंय. याला बम्प स्टिअर म्हणतात. चाक आत वळेल की बाहेर, हे स्टिअरिंगचा रॅक चाकाच्या मध्याच्या पुढे आहे की मागे, वर की खाली, यावर ठरतं. अंदाज करत बसू नकोस, मोज.

मग डावीकडेच का? दोन्ही चाकं सारखी बाहेर वळली तर गाडी नागमोडी चालते, एका बाजूला ओढत नाही. पण गाडीच्या लांबीत बसवलेल्या इंजिनाचा पीळ चेसिसला उजवीकडे कलवतो, म्हणून सुटताना डावीकडचं पुढचं टोक उजवीपेक्षा जास्त उचलतं. डावं चाक जास्त लोंबतं, त्याचा टो (वरून बघताना चाक आत-बाहेर किती वळलंय तो कोन) जास्त बदलतो, आणि गाडीला कल येतो. गिअर बदलताना क्लच दाबला की नाक खाली येतं, सोडला की परत वर. झटका तोच. मला वाटतं तुझं निदान इथं निम्मं झालं.

उरलेलं निम्मं जमिनीवर झोपून करायचं. पहिल्यांदा लूज शोध. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, व्हील बेअरिंग, विशबोनचे बुश. चाक घड्याळाच्या ९ आणि ३ ला धरून हलव, मग १२ आणि ६ ला. यातलं काही सैल असेल तर पुढची सगळी मोजणी वाया. टायरची हवा दोन्हीकडे सारखी कर. रेसच्या दिवशी गाडी जशी असते तशी ठेव: टाकीत तेवढंच इंधन, ड्रायव्हरच्या सीटवर त्याच्या वजनाचं पोतं. रिकामा हौदा आणि भरलेला हौदा यांत पिकअपचं नाक किती बदलतं हे तू रोज बघतोसच.

मग स्टिअरिंग सरळ करून बांधून टाक. चाक काढून हबला एक सरळ अॅल्युमिनियमची पट्टी बोल्टनं घट्ट कर आणि तिच्यावर बाजारातला साधा लेसर बसव, समोर भिंतीला कागद चिकटव. चेसिस स्टँडवर ठेव, खालच्या विशबोनला जॅक लाव आणि उभ्या गाडीच्या उंचीपासून एका वेळी २० मिलिमीटर खाली सोड. दर टप्प्याला लेसरचा ठिपका कागदावर पेन्सिलनं मार. डावीकडचा कागद वेगळा, उजवीकडचा वेगळा. ठिपके उभ्या रेषेत खाली गेले तर तुझा मालक बरोबर आणि मी चूक. ते आडवे सरकत गेले तर तो सरकण्याचा वेग बघ, कारण शेवटच्या टप्प्यांत तो अचानक वाढतो. स्टँडशिवाय गाडीखाली जायचं नाही, हे लिहायची गरज नसावी, पण उद्यमनगरात काय काय बघितलंय म्हणून लिहितो.

इलाजाचा सगळ्यात स्वस्त भाग कुणालाच आवडत नाही: स्पेसर काढा. ड्रॅगला उंच नाक दिसायला रुबाबदार असतं, कामाचं नसतं. तेवढ्यानं दोष बराच कमी होईल. गिऱ्हाईक ऐकत नसेल तर टाय रॉडच्या बाहेरच्या टोकाची उंची शिम (पातळ चकती) किंवा तयार किटनं बदलून कमानी पुन्हा जुळवाव्या लागतात. चाक किती खाली लोंबावं यावर पट्टा लावून मर्यादा घालता येते, शॉकअपचा उघडण्याचा विरोध वाढवता येतो, म्हणजे नाक सावकाश वर येईल. यानंतरच अलाइनमेंट. आधी कॅस्टर (बाजूनं बघताना स्टिअरिंगच्या आसाचा पुढे-मागे कल), मग कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा आत-बाहेर कल), शेवटी टो. आणि टो बसवताना फक्त उभ्या गाडीचा आकडा बघू नकोस. तुझ्या कागदावर सुटतानाच्या उंचीला चाकं बाहेर जात असतील, तर उभ्या गाडीला तेवढा टो-इन जास्त ठेवावा लागतो, की नाक वर गेल्यावर ती सरळ किंवा किंचित आत राहावीत. कॅस्टर धन बाजूला जास्त ठेवला की सरळ धावताना स्टिअरिंग स्वतःहून मध्यावर येतं. पण तो दोन्हीकडे सारखा हवा, नाहीतर एक खेच काढून दुसरी बसवशील. रेसचे आकडे मशीनच्या हिरव्या पट्ट्यात बसतीलच असं नाही. ते गिऱ्हाइकाला लिहून दे आणि तीच गाडी रोजच्या रस्त्यावर टायर कसे खाईल तेही सांग.

एक गोष्ट मात्र दुकानात कुणीही सांगितली तरी करायची नाही. टाय रॉड किंवा नकलचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) आर्म गॅसनं तापवून वाकवणं. स्टिअरिंगच्या भागाला ज्योत लागली की त्याचं उष्मोपचाराचं बळ गेलं, आणि तो कधी तुटेल हे तुला कळणार नाही.

आणि मागचं धुरं (एक्सल) विसरू नकोस. पिकअपला मागे पाटे (पट्ट्यांचे स्प्रिंग) असतात, सुटताना धुरं पिळलं जातं आणि पाटे इंग्रजी एससारखे वाकतात. एका बाजूचा यू-बोल्ट सैल, सेंटर बोल्ट तुटलेला किंवा पाट्याचा बुश गेलेला असेल, तर धुरं तिरकं होतं आणि मागूनच गाडी वळते. पुढे कितीही कोन बसव. चाकांच्या मध्यामधलं अंतर डावीकडून आणि उजवीकडून टेपनं मोज. फरक आला तर आधी तिथं हात घाल.

आता तुझा दुसरा प्रश्न. मला त्यात एक गडबड दिसते: तू 'रेसिंग' हा व्यवसाय समजतोस. आपल्याकडे ड्रॅग अजून हौशी लोकांची गोष्ट आहे. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होते तशी एखादी अधिकृत स्पर्धा, ४०२ मीटरची धाव, आणि सोमवारी सगळे आपापल्या कामाला. सर्किट रेसिंग चेन्नई आणि कोइमतूरकडे जास्त चालतं. तिथल्या टीमला मेकॅनिक लागतात, पण काम हंगामी असतं आणि ओळखीनं मिळतं. त्यावर घर चालवायचं गणित आज तरी अवघड आहे. हे तुझ्या वडिलांना बरोबर कळलंय.

पण त्यांना एक गोष्ट दिसत नसावी. तू रेसच्या गाडीतून जे शिकतोयस, म्हणजे सस्पेन्शन हलताना चाक काय करतं, ते शिकलेला माणूस मोटार कंपन्यांच्या टेस्टिंग विभागाला, पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थांना, सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना रोज लागतो. इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे. तिथंही गाड्या वेगात पळवून तपासतात, फक्त पगार देऊन. आणि कागल-शिरोलीच्या फाउंड्रींमधून वाहनांचे भाग ओतून निघतात. वडील म्हणतात ती एमआयडीसी तुझ्या वाटेच्या आड येत नाही, वाटेतच आहे. फक्त तिथं कुठल्या खात्यात शिरतोस हे महत्त्वाचं. क्वालिटी किंवा टेस्टिंग मिळालं तर घे, नुसतं पॅकिंगला उभं राहू नकोस.

माझा सल्ला असा. आयटीआय पूर्ण कर. तुझा ट्रेड दोन वर्षांचा आहे, त्यामुळे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. आपल्या कोल्हापूरच्या शासकीय तंत्रनिकेतनाला मेकॅनिकल आहे. गणिताची तयारी आत्तापासून कर, आयटीआयची मुलं डिप्लोमाला तिथंच अडखळतात. साइन-कोसाइन तुला परकं वाटतं, पण विशबोनची कमान तेच आहे. घरची परिस्थिती लगेच कमवायला लावत असेल तर आधी अप्रेंटिसशिप कर, मग डिप्लोमा. दोन वर्षं इकडंतिकडं झाली म्हणून काही बिघडत नाही. पुढे डिग्रीला गेलास तर बाजा एसएईइंडिया किंवा फॉर्म्युला भारतसाठी गाडी बनवणाऱ्या कॉलेजच्या टीममध्ये सस्पेन्शन माग. मुलं इंजिनाच्या मागे लागतात, तिकडं गर्दी कमी असते.

आणि रेसिंगचा नाद सोडू नकोस, फक्त जागा बदल. कोल्हापुरात मोहिते रेसिंग अकादमीचा कार्टिंग ट्रॅक आहे. तिथं सुट्टीच्या दिवशी फुकट राबायची तयारी दाखव. कार्टला सस्पेन्शनच नसतं. टो किंवा कॅस्टर थोडा हलवला की पुढच्याच फेरीत ड्रायव्हर येऊन सांगतो काय झालं. कोन आणि त्याचा परिणाम यांत मध्ये काहीच नसतं, म्हणून शिकायला त्यासारखी जागा नाही. मोठ्या स्पर्धेत पिटमध्ये काम करायचं झालं तर एफएमएससीआयची (देशातल्या मोटार स्पोर्ट्स क्लबांच्या महासंघाची) मान्यता असलेली स्पर्धा बघूनच जा. विमा, अॅम्ब्युलन्स, तपासणी, सगळं तिथं असतं.

मालकांशी भांडू नकोस. "टायरचा दोष" म्हणणं त्यांच्या अनुभवातून आलंय. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांचं खेचणं टायर आणि हवेवरच निघतं. दुकान बंद झाल्यावर तासभर रॅम्प माग, डावा-उजवा कागद भिंतीला लाव आणि सकाळी त्यांनाच विचार, "मालक, हे ठिपके असे का सरकले असतील?" उद्यमनगरातला जुना माणूस असा प्रश्न टाळत नाही.

वडिलांना हे उत्तर वाचायला दे. त्यांना शंका असतील तर दोघं मिळून या. येताना ते दोन्ही कागद आणि दहावीची गुणपत्रिका घेऊन ये. डिप्लोमाच्या अर्जाचं तेव्हाच बसून ठरवू.