शिक्षा भोगून आलेल्याला मत देता येतं का?

ताई, शिक्षा भोगून आलेल्या दिराला मत देता येईल का असं तुम्ही विचारलंत, आधी त्याचं सांगतो. शिक्षा पूर्ण करून बाहेर आलाय ना, मग तो मत देऊ शकतो, बिनधास्त. फक्त यादीत नाव आहे का ते बघा, कारण बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारा सरकारी माणूस) घरी येऊन गेला आणि कुणी 'इथे राहत नाही' सांगितलं की नाव कापलं जाऊ शकतं. नसेल तर फॉर्म ६, म्हणजे यादीत नाव घालायचा अर्ज, भरा, घरच्याच पत्त्यावर. अपवाद एकच, मतदारांना पैसे वाटणं, धमकावणं असल्या निवडणुकीतल्याच गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर सहा वर्षं मत जातं.

आता तुमच्या प्रश्नावर बाकीच्यांचं जे म्हणणं आहे की गुन्हेगाराला मत कशाला, त्यावर बोलतो. आपला कायदा, म्हणजे १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२(५), गुन्हा बघतच नाही हो, तो फक्त माणूस आत आहे की बाहेर एवढंच बघतो. खुनात दोषी ठरलेला पण अपिलात जामिनावर सुटलेला माणूस रांगेत उभा राहून मत देतो, आणि मोबाईलचोरीचा नुसता आरोप असलेला, केस अजून उभीही न राहिलेला पोरगा आतमध्ये बसून राहतो, का तर त्याच्यासाठी सातबारा घेऊन कोर्टात उभा राहणारा जामीनदार मिळत नाही. देशातल्या तुरुंगांत चारातले साधारण तीन कच्चे कैदीच, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेलेच, आहेत. म्हणजे मत गुन्ह्यामुळे कमी आणि गरिबीमुळे जास्त जातंय, आणि मला खरा राग याचा येतो.

बरं हे फक्त गरिबाचंच होतं असंही नाही. जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत अनिल देशमुख आणि नवाब मलिक दोघं कोठडीत होते, आमदार असून कोर्टाने मत द्यायला सोडलं नाही, तेव्हा दोघंही दोषी ठरलेले नव्हते. उलट कच्चा कैदी आतून निवडणूक लढवू शकतो, २०१३ ला संसदेने तशी दुरुस्तीच केली, काश्मीरचे नेते इंजिनिअर रशीद कच्चे कैदी असताना २०२४ ला तिहारमधून बारामुल्ल्याला लोकसभेवर निवडून आले. उभं राहता येतं पण मत देता येत नाही, याला काय म्हणायचं?

सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये हे कलम योग्य ठरवलं, कारणं दिली की बंदोबस्ताला पोलीस लागतील, आणि स्वतःच्या वागण्याने आत गेलेल्याला बाहेरच्यासारखे हक्क मागता येत नाहीत. दुसरं कारण दोषी ठरलेल्याला लावलंत तर समजू शकतो, कच्च्या कैद्याला कसं लावणार? आणि बंदोबस्ताचं म्हणाल तर प्रतिबंधक स्थानबद्धतेतल्या, म्हणजे पुढे काही करेल या शंकेने आधीच आत ठेवलेल्या, माणसाला आजही पोस्टल मतपत्रिका मिळते, तुरुंगात बसूनच तो मत देतो. सोय आहेच, ती निदान कच्च्या कैद्यांना तरी लागू करा. दक्षिण आफ्रिकेत तर शिक्षा झालेले कैदीसुद्धा मत देतात. माझं मत विचाराल तर आपल्याकडेही पुढे तेच व्हावं, पण सुरुवात ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही त्यांच्यापासून करा, त्यासाठी कलम ६२(५) मध्ये एक ओळ घातली तरी पुरे.