माणसाळलेलं खोकड बरं झाल्यावर जंगलात सोडतात का?

तुम्ही लिहिलंय की कोणीतरी पाळून सोडून दिलेलं खोकड (माळावरचा लहान कोल्हा) वन्यजीव उपचार केंद्रात पोचवलं, आता पुढे काय. बहुतेक वेळा उत्तर निराश करणारं असतं, पण ठरवायला निदान दोन-तीन महिने लागतात.

पहिले 30 दिवस ते एकटं ठेवतात. डिस्टेंपर या विषाणूच्या साथीच्या रोगासाठी हे गरजेचंच. भटक्या कुत्र्यांकडून तो खोकडांत येतो आणि बाकीचे पिंजरेही रिकामे करतो. रेबीज मात्र त्याहून जास्त काळ दबून राहू शकतो, म्हणून हाताळणाऱ्यांनी आधीच लस घेतलेली हवी. जंतांसाठी फेनबेन्डाझोल, दर किलो वजनाला 50 मिग्रॅ, सलग तीन दिवस.

घरी वाढलेल्या पिल्लाचा खरा घोळ हाडांत असतो. भाकरी आणि बिनहाडाचं चिकन यांत कॅल्शियम जवळजवळ नसतं, फॉस्फरस भरपूर. मग पुढचे पाय धनुकलीसारखे वाकतात, जबडा मऊ पडतो, साधी उडी मारली तरी हाड मोडतं. एक्स-रे काढल्याशिवाय मोठ्या पिंजऱ्यात सोडू नये. अडीच-तीन किलोच्या खोकडाला रोज 150 ते 200 ग्रॅम खाणं पुरतं: अख्खे उंदीर, लावे, नाकतोडे, अधूनमधून बोरं. नुसतं मांस द्यायची वेळ आली तर किलोमागे 6-7 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट मिसळावं.

माणसाची सवय मोडायला नाव ठेवायचं नाही, बोलायचं नाही. एकच माणूस, हिरव्या जाळीच्या आडून, अंधार पडल्यावर नळीतून खाणं टाकतो, तेही रोज वेगळ्या वेळी. तारेची जाळी जमिनीत दोन फूट पुरलेली हवी, नाहीतर रातोरात उकरून पसार. बीळ म्हणून दोन तोंडांचा सिमेंटचा पाइप चालतो. शक्य असेल तर जोडीला दुसरं, न माणसाळलेलं खोकड. याच्याइतका उपयोग कशाचाच होत नाही. तुम्ही भेटायला मात्र जाऊ नका.

परीक्षा साधी आहे. अनोळखी माणूस आत गेला, बाहेर कुत्रं भुंकलं, की ते बिळात शिरलं पाहिजे. कान मागे पाडून, शेपूट हलवत, थोडी लघवी सांडत पायाशी आलं तर नापास. असं खोकड पहिल्याच वस्तीवर कुत्र्यांच्या तोंडी जातं. डोळे उघडण्याआधीच उचललेली, एकटी वाढलेली पिल्लं बहुधा इथेच अडकतात. त्यांची रवानगी मान्यताप्राप्त बचाव केंद्रात किंवा प्राणिसंग्रहालयात होते, निर्णय वनविभागाचा.

पास झालं तरी दाट जंगलात सोडणं चूकच. खोकड माळावरचा प्राणी. पावसाळा सरल्यावर, नाकतोडे-उंदीर मुबलक असताना, माळावरच्याच पिंजऱ्यात दोन-तीन आठवडे ठेवून मग दार उघडतात आणि पुढे महिनाभर तिथेच थोडं खाणं ठेवतात. डिसेंबरनंतर नको: जोड्या जमलेल्या असतात, नव्याला हाकलून लावतात.

आणखी कोणाकडे असं पिल्लू दिसलं तर घरी आणू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली पाळणं गुन्हा आहे. महाराष्ट्रात वनविभागाला 1926 वर फोन करा.