दुसऱ्यांदा वाच

प्रिय मुली,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा चष्म्याशिवाय वाचलं, तेव्हा ते धरू नकोस.

"सगळे झोपले होते. 'द हंगर गेम्स' वाचत रात्री अडीचपर्यंत जागले. मावशी, शेवटी शेवटी मला एकच घाई झाली होती, आता कोण मरतंय याची. सकाळी माझी मलाच भीती वाटली. हे वाचणं वाईट आहे का?" हे तू पत्राच्या तळाशी, बारीक अक्षरात लिहिलंस. आधीची दीड पानं आई काय म्हणाली, मराठीच्या बाई काय म्हणाल्या आणि दहावीचं वर्ष यातच गेली. ती मी बाजूला ठेवते. तुझ्या वयात तुझी आई काय वाचायची ते मला माहीत आहे, पण ते तिनंच तुला सांगावं.

तर 'द हंगर गेम्स'. सुझन कॉलिन्स यांची २००८ सालची कादंबरी. एका कल्पित देशात दरवर्षी चिठ्ठ्या काढून मुलं निवडतात, एकच उरेपर्यंत त्यांना एकमेकांना मारायला लावतात आणि ते टीव्हीवर दाखवतात, त्याची गोष्ट. तू ती एकदाच वाचलीस ना? मग ती आवडली की नाही, चांगली की वाईट, यावर तुझं नि माझं भांडण आत्ताच कशाला? दुसऱ्यांदा वाच.

सुरुवातच घे. नायिका जागी होते, शेजारी हात लांबवते, पण हाताला धाकट्या बहिणीची ऊब लागत नाही, गादीचं खरखरीत कापड तेवढं लागतं. पहिल्या वाचनात आपण म्हणतो, उजाडलं, चला पुढे. आता चिठ्ठी कुणाच्या नावाची निघणार हे माहीत असताना तीच ओळ वाच. आणि ती सगळी गोष्ट वर्तमानकाळात सांगते, हे तुझ्या लक्षात आलं का? 'मी गेले, मी पाहिलं' म्हणणारी जगली-वाचलेली असते, हे वाचणाऱ्याला आतून ठाऊक असतं. 'मी जाते, मी पाहते' म्हणणारीचा काही भरवसा नाही. तुला जागवलं ते यानं.

आता चिठ्ठ्यांचं गणित. त्याबद्दल तू चकार शब्द लिहिला नाहीस, म्हणजे ते पान तू भरकन उलटलंस. बाराव्या वर्षी तुझ्या नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, अशी अठरापर्यंत चढती. घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठी टाकायची आणि तिच्या बदल्यात एका माणसाचं वर्षभराचं जेमतेम धान्य नि तेल घ्यायचं. आधीच्या चिठ्ठ्या पेटीतच राहतात. नायिका सोळाची. स्वतःसाठी, आईसाठी, बहिणीसाठी दरसाल तीन जादा. म्हणजे नेमाच्या पाच आणि जादा पंधरा, झाल्या वीस. तिचा मित्र अठराचा, घरात खाणारी पाच तोंडं. सात आणि पस्तीस, बेचाळीस. मी पेन्सिलीनं समासात मांडून पाहिलं, चोख जुळतं. (ग्रंथालयाच्या पुस्तकात समासात लिहिणाऱ्यांकडून मी जन्मभर दंड घेतला. ही प्रत माझी स्वतःची आहे.) रॉकेलचा डबा घेऊन रेशनच्या रांगेत उभं राहण्यात माझं अर्धं बालपण गेलं, त्यामुळे त्या पानावरून मला लवकर पुढे जाता येईना. ज्याच्या घरचा डबा रिकामा, त्याच्याच पोराचं नाव पेटीत जास्त वेळा. लेखिका यावर भाषण देत नाही, बेरीज करून दाखवते. आणि एवढं करून नाव निघतं ते त्या बहिणीचं, जिची पेटीत एकुलती एक चिठ्ठी आहे.

हे पहिल्या वाचनात दिसत नाही गं. मलाही दिसलं नव्हतं.

आता तुझी ती बारीक अक्षरातली ओळ. बारा ते अठरा वयाची चोवीस मुलं रिंगणात, आणि राजधानीतली माणसं टीव्हीसमोर बसून पैजा लावताहेत, आता कोण? कॉलिन्सबाईंनी सांगितलंय की ही कल्पना त्यांना टीव्हीची चॅनेलं बदलताना सुचली. एकीकडे रिअॅलिटी शोमधली स्पर्धा, दुसरीकडे इराकच्या युद्धाची दृश्यं. अडीच वाजता तू ज्या खुर्चीत बसली होतीस, ती त्यांनी तुझ्यासाठी मांडूनच ठेवली होती. तू सकाळी दचकून उठलीस. राजधानीतलं त्या खुर्चीतून सहसा कुणी उठत नाही. पुस्तकानं नेमून केलेलं काम तू स्वतःचा आजार समजून बसलीस, याला काय म्हणू?

मोठ्या माणसांचं म्हणशील तर अमेरिकेतल्या ग्रंथालय संघटनेची एक वार्षिक यादी असते, सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांची. तिच्या पहिल्या दहांत हे पुस्तक २०१०, २०११ आणि २०१३ साली होतं. २०११ च्या आक्षेपांत हिंसा होती, ते समजू शकते. पण त्यात सैतानी जादूटोणाही होता! सबंध पुस्तकात कुणी साधा गंडादोरा बांधत नाही. दुसऱ्यांदा सोडाच, यांनी पहिल्यांदा तरी वाचलं होतं का? उलट थायलंडमधल्या लष्करी सरकारला पुस्तक नीट समजलं असावं. २०१४ च्या लष्करी उठावानंतर लोक विरोध म्हणून गोष्टीतल्यासारखी तीन बोटं वर करू लागले, आणि नोव्हेंबरात पंतप्रधानांसमोर ती वर करणाऱ्या पाच विद्यार्थ्यांना ताब्यात घेतलं गेलं.

मी एवढी का चिडते, विचारशील. मी चौदा वर्षांची असताना माझा भाऊ स्वतःच्या नावावर बाबुराव अर्नाळकर आणायचा. झुंजार, काळा पहाड हे त्यातले नायक. या माणसानं हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि आमच्या वाचनालयातल्या निम्म्यांची शेवटची पानं फाटलेली असायची. उरलेल्यांत कुणीतरी तिसऱ्याच पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं. वडिलांनी एक दिवस भूगोलाच्या पुस्तकात लपवलेली कादंबरी पकडली आणि आंघोळीच्या बंबात घातली. खुनी कोण ते मला आजतागायत कळलं नाही. अनामत गेली ती भावाची.

वडिलांवर माझा राग नाही. राग आहे तो त्यानंतरच्या माझ्यावर. कुणी विचारलं की काय वाचतेस, की मी शहाण्या माणसांची नावं फेकायला शिकले. नोकरीच्या मुलाखतीतही तेच. आणि मग देवघेवीच्या टेबलामागे बसल्यावर, एका पावसाळ्यात, नववीतला एक मुलगा नारायण धारपांच्या भयकथा मागायला आला. ओला रुमाल डोक्यावर, वर्गणीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं. मी म्हणाले, "जरा चांगलं काही वाच," आणि त्याच्या हातात एका थोर पुरुषाचं चरित्र दिलं. त्यानं ते दुसऱ्याच दिवशी परत आणलं, तारखेची चिठ्ठीसुद्धा सरळ करून. पुन्हा तो आला नाही. धारप मागच्या कपाटात होते. किल्ली माझ्याच पदराला होती.

आता तू म्हणशील, वरून तशा सूचना असतील. होत्याही. खरेदी समितीत माझं ऐकणारं कोण होतं, आणि मी नवीन होते, आणि त्या वर्षी अनुदानही उशिरा आलं होतं. पण किल्ली दिली असती तर अनुदान काही परत गेलं नसतं. धारप मी पुढे निवृत्तीनंतर वाचले, रात्री, दिवा चालू ठेवून. मग पुन्हा एकदा, दुपारी. दुपारी वाचताना कळलं की हा माणूस घाबरवण्याआधी किती वेळ नुसतं घर दाखवतो. जिना, माजघर, कोनाडा. त्या मुलाला मी हे सांगू शकले असते. पण त्यासाठी आधी मी वाचायला हवे होते, आणि तेही दोनदा.

म्हणून तुझ्यामागे लागलेय. 'हे वाचणं वाईट आहे का' हे मला पुन्हा विचारायचं नाही. आईला पटवायच्या भानगडीतही पडू नकोस, सोळाव्या वर्षी वकिली कशाला? बाईंनी सुचवलेलंही वाच, तेही दोनदा, मग बाईंशी भांड. मात्र वेगळं कव्हर घालून, गाइडमध्ये लपवून वाचू नकोस. लपवून वाचलेलं घाईत वाचलं जातं.

रविवारी दुपारी ये, तुझी प्रत घेऊन. चिठ्ठ्यांचं पान मी कोपरा दुमडून ठेवलंय (हो, मीच), तिथून सुरू करू. पोहे करीन. आणि एक, मी अजून दुसऱ्याच भागात आहे. तिसऱ्यात कोण मरतं ते सांगितलंस तर दारातूनच परत पाठवीन.

तुझी,
मावशी